आपलं दुकान किती सेकंदात उघडतं?

मागच्या भागात आपण कुरिअरला माल देताना बरणी फुटू नये म्हणून काय करायचं ते बोललो. आज त्याच्या आधीची पायरी घेऊ. गिऱ्हाइकानं आपल्या ऑनलाइन दुकानाच्या लिंकवर बोट ठेवलं, तिथपासून त्याला आपला माल दिसेपर्यंत किती वेळ जातो आणि तो वेळ कमी कसा करायचा, हा आजचा विषय.

काही जणी लगेच म्हणतील, हे साइट बनवणाऱ्या पोराचं काम, आमचा काय संबंध? संबंध असा की पान जड करणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फोटो, आणि फोटो आपण काढतो. मसाल्याचा, गुळाचा, नाचणीच्या पापडांचा, कोल्हापुरी पायताणाचा. शिवाय दुकान उशिरा उघडलं तर ऑर्डर आपली जाते, त्या पोराची नाही.

लक्ष्मीपुरीत तुम्ही एखाद्या दुकानात गेलात आणि दुकानदारानं जरा थांबायला लावलं, तर तुम्ही थांबता. एस.टी.चं तिकीट काढून आलेल्या असता, पिशवी सोबत असते, रिकाम्या हातानं परत कोण जाईल? फोनवरच्या गिऱ्हाइकाचं तसं काही नसतं. त्यानं तिकीट काढलेलं नसतं आणि दुसरं दुकान बोटाच्या टोकावर असतं. गूगलनं २०१६ मध्ये एक आकडा जाहीर केला होता: मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर ५३ टक्के भेटी तिथेच सोडून दिल्या जातात. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक दारातूनच परत. बाजारात गिऱ्हाईक परत निघालं तर आपण हाक मारतो, "या की अक्का, बघून तर जावा." इथे तो आला होता हेही आपल्याला कळत नाही. गटाच्या वहीत साइटवर झालेला खर्च लिहिलेला असतो, न आलेल्या ऑर्डरीची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आणि लोक कधी येतील हे सांगून येत नाहीत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली. सुरुवातीला कंपनीनं कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर भारतातल्या परंपरेवरून ती घेतल्याचं मान्य केलं. आपल्या चपलेला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्या आठवड्यांत देशभर कोल्हापुरी चपलेची चर्चा होती. ज्यांनी आयुष्यात पायात घातली नाही, तेही फोनवर ती शोधत होते. असे दिवस चार-दोनच असतात. त्या दिवशी तुमचं पान गोल-गोल फिरत राहिलं तर ती संधी दुसऱ्याची.

आता बघू, वेळ जातो कुठे. लिंकवर बोट ठेवलं की फोन आधी आपल्या दुकानाचा पत्ता शोधतो. मग ज्या कंप्युटरवर आपलं दुकान ठेवलंय, ज्याला सर्व्हर म्हणतात, त्याच्याशी ओळख पटवतो. मग म्हणतो, पान दे. पान येतं, आणि त्यात एक यादी असते: हा फोटो आण, ही अक्षरं आण, हे बटण आण. त्या यादीसाठी पुन्हा फेऱ्या. सर्व्हर मुंबईत असेल तर एक फेरी झटक्यात होते. अमेरिकेत असेल तर एकेका फेरीला साधारण पाव सेकंद जातो. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण अशा पाच-सहा फेऱ्या एकामागून एक झाल्या की दीड सेकंद नुसता येण्याजाण्यात गेला. माल तर अजून गाडीत भरायचाच आहे.

आता मालाचं वजन. वही-पेन जवळ असेल तर घ्या, साधा गुणाकार आहे. फोननं काढलेला फोटो तीन ते पाच एमबीचा असतो, आपण चार धरू. दुकानाच्या एका पानावर वीस वस्तू. वीस चोक ऐंशी, म्हणजे ८० एमबी. रेंज मंद असताना, समजा, सेकंदाला दोन मेगाबिट वेग मिळतो. इथे एक गोम आहे. फाइलचं वजन मेगाबाइटमध्ये सांगतात आणि नेटचा वेग मेगाबिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून ८० ला आठनं गुणायचं, ६४० आले, त्याला दोननं भागायचं. ३२० सेकंद. पाच मिनिटं आणि वर वीस सेकंद! तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊन कपबशी विसळून होते.

तेच वीस फोटो प्रत्येकी ८० केबीचे केले तर? सगळे मिळून १.६ एमबी. आठनं गुणा, दोननं भागा: साडेसहा सेकंदांच्या आत. आणि पहिल्यांदा स्क्रीनवर दिसणारे चारच फोटो आधी आणले, बाकीचे गिऱ्हाईक खाली सरकेल तसे आणले, तर पहिले चार सव्वा सेकंदात हजर. दुकान तेच, मसाला तोच, फोनही तोच. शिवाय गिऱ्हाइकाचा डेटा वाचला तो वेगळाच. दिवसाला एक जीबी मिळणाऱ्या बाईचे ८० एमबी आपल्या एका पानावर गेले, म्हणजे तिच्या दिवसाच्या नेटचा बारावा हिस्सा आपण खाल्ला.

एक गोष्ट सांगायला हवी. काही तयार ऑनलाइन दुकानं, जिथे महिन्याचं भाडं भरून आपण माल लावतो, तिथे फोटो आपोआप लहान केले जातात. तुमचं दुकान तसं असेल तर निम्मं काम झालेलं आहे. पण ओळखीच्या कुणाकडून बांधून घेतलेल्या साइटवर, आणि तयार दुकानातसुद्धा वरच्या मोठ्या बॅनरमध्ये, अख्खा फोटो जसाच्या तसा बसवलेला आम्ही पुष्कळदा बघतो.

फोटो एवढा जड का असतो? कॅमेऱ्यातला फोटो साधारण चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार उंच असतो. म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. गिऱ्हाइकाच्या फोनची स्क्रीन सातशे ते हजारभर ठिपके रुंद. त्यातही एका ओळीत दोन वस्तू दाखवल्या तर एका फोटोच्या वाट्याला पाचशे ठिपके. पेला भरायचा आणि हंडा ओतायचा, असला प्रकार.

म्हणून यादीतल्या फोटोची रुंदी पाचशे-सहाशे ठिपके पुरते. वस्तूवर बोट ठेवल्यावर जो मोठा फोटो दिसतो, त्याला हजार-बाराशे. आणि इथे कंजुषी करू नका. चपलेची वेणी, गोंडा, कानाची शिलाई, कातड्याचा रंग हे गिऱ्हाइकाला जवळून बघायचं असतं. हाताला लागत नाही म्हणून तो डोळ्यांनी चाचपतो. तो मोठा फोटो असावाच, पण मागितल्यावर यावा.

लहान करायचं कसं? स्क्वूश नावाचं गूगलचं एक फुकट साधन आहे, फोनच्या ब्राउझरमध्येच चालतं आणि आपला फोटो कुठे बाहेर पाठवत नाही. त्यात रुंदी लिहायची, दर्जा पंचाहत्तरच्या आसपास ठेवायचा, आणि आधीचा व नंतरचा फोटो शेजारी-शेजारी बघायचा. डोळ्याला फरक दिसला तर जरा वाढवायचा. फोटो कुठल्या प्रकारात साठवायचा असं तिथे विचारतं, तेव्हा वेबपी निवडा. तो जेपेगपेक्षा साधारण पाव ते तिसरा हिस्सा हलका होतो. पीएनजी हा प्रकार मात्र फोटोसाठी घेऊ नका. तो शिक्का किंवा चिन्हासाठी बरा, मसाल्याच्या ताटासाठी फार जड. फोटो किती केबीचा झाला ते गॅलरीत त्या फोटोच्या तपशिलात दिसतं, बघायची सवय लावा.

आणखी एक गंमत, ही आम्हाला फार आवडते. नक्षीदार चादरीवर किंवा झाडीसमोर ठेवलेल्या बरणीचा फोटो, साध्या एकरंगी कापडावर ठेवलेल्या बरणीच्या फोटोपेक्षा वजनाला जास्त भरतो. कारण फोटो आवळताना सपाट रंग थोडक्यात लिहिता येतो, पानं-फुलं-बुट्टे एकेक करून लिहावे लागतात. म्हणजे साधं पांढरं धोतर पसरून, सकाळच्या उजेडात दाराशी फोटो काढला, तर दिसतोही चांगला आणि हलकाही होतो. खर्च शून्य.

फोटोंबद्दल एवढं पुरे. आता दुसरी जड गोष्ट, जी दिसत नाही. साइटवर काही बारके प्रोग्राम चालतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. आपोआप सरकणारे बॅनर, कोपऱ्यात उडी मारणारं चॅटचं चिन्ह, "आत्ताच पुण्याच्या कुणीतरी खरेदी केली" म्हणून येणारी पाटी, दिवाळीत पडणाऱ्या फुलबाज्या. फोटो म्हणजे भाजलेली भाकरी, आली की ताटात वाढली. स्क्रिप्ट म्हणजे जोंधळ्याचं पोतं. ते आल्यावर फोनला निवडावं, दळावं, मळावं, थापावं, भाजावं लागतं. महागडा फोन हे पटकन करतो. सात-आठ हजारांचा, तीन वर्षं वापरलेला फोन घाम गाळतो, आणि तेवढा वेळ बटण दाबलं तरी हलत नाही. म्हणून साइटवर असली प्रत्येक चीज ठेवताना विचारायचं, यानं एक तरी बरणी जास्त खपते का? आमचं मत विचाराल तर सरकणारा बॅनर पहिल्यांदा काढा. दुसरं-तिसरं चित्र बघायला कुणी थांबत नाही, वजन मात्र तिन्हीचं पडतं. पहिल्या पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओही नको. तो यूट्यूबवर ठेवा आणि इथे नुसतं चित्र व दुवा द्या, ज्याला बघायचाय तो बघेल.

अक्षरांचंही वजन असतं, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. देवनागरीत जोडाक्षरं असल्यामुळे फाँटची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते. साइटवर तीन-तीन सुंदर मराठी फाँट लावले तर तेही गिऱ्हाइकाच्या फोनला उतरवून घ्यावे लागतात, आणि काही साइटींवर तोपर्यंत अक्षरांच्या जागी कोरं दिसतं. हल्लीच्या फोनमध्ये मराठी अक्षरं आधीपासून असतात. तीच वापरा, किंवा फार तर एक फाँट. भाव, वजन आणि ऑफर फोटोत रंगवून टाकू नका, साध्या अक्षरात लिहा. अक्षरं क्षणात येतात, शोधल्यावर सापडतात, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या गिऱ्हाइकाला फोन ती वाचूनही दाखवतो. फोटोतला भाव त्याला वाचता येत नाही. आणि उद्या खोबरं महागलं की नवा फोटो करत बसा!

साइट बनवणाऱ्याकडे तक्रार नेली की एक ठरलेलं उत्तर मिळतं: "ताई, माझ्याकडे तर लगेच उघडतंय." तो खोटं बोलत नाही. तो राजारामपुरीत वायफायवर बसलेला असतो, त्याचा फोन चांगला असतो, आणि मुख्य म्हणजे त्यानं ते पान शंभर वेळा उघडलेलं असतं. एकदा उघडलेल्या पानाचे फोटो फोन स्वतःजवळ साठवून ठेवतो, दुसऱ्या वेळी नेटवरून आणतच नाही. त्यामुळे दुकानाच्या मालकाला दुकान नेहमी वेगवानच दिसतं. आपल्यालाही. खरी परीक्षा घ्यायची तर साध्या फोनवर, ज्यावर पान पूर्वी कधी उघडलेलं नाही, किंवा ब्राउझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत, वायफाय बंद करून घ्यायची. आणि घ्यायची कुठे? गगनबावड्यात, भुदरगडात, चंदगडच्या आतल्या वाडीत, जिथे फोन खिडकीशी धरावा लागतो. मुंबईच्या गर्दीच्या लोकलमध्ये उभी असलेली आपली नणंदसुद्धा त्याच रेंजमध्ये असते, असं समजा.

यावरून अमेरिकेतला एक किस्सा सांगतो. २००९ च्या सुमाराचा. यूट्यूबवर काम करणारा ख्रिस झकारायस नावाचा इंजिनिअर. त्या वेळी व्हिडिओचं एक पान १.२ एमबीचं होतं. त्यानं काटछाट करून ते ९८ केबीवर आणलं, म्हणजे बाराव्या हिश्शावर. थोड्या लोकांसाठी सुरू केलं आणि आकडे बघितले, तर सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला! बिचारा चक्रावला. मग नकाशावर बघितलं तेव्हा उलगडलं. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरिया इथून लोक येऊ लागले होते. जुनं पान त्यांच्याकडे उघडायला वीस मिनिटं लागत, म्हणून ते कधी आलेच नव्हते. नवं हलकं पान दोन मिनिटांत उघडत होतं. दोन मिनिटं आपल्याला फार वाटतील, त्यांच्यासाठी दार पहिल्यांदा उघडलं होतं. त्यांचा वेळ हिशेबात धरला गेला म्हणून सरासरी वाढली.

आम्ही हा किस्सा गटांच्या बैठकीत पुनःपुन्हा सांगतो, कारण "आमच्याकडे कुणाची तक्रार नाही" हे वाक्य आम्हाला फार ऐकू येतं. तक्रार करायला आधी आत यावं लागतं.

मोजायचं असेल तर गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे फुकट साधन आहे. त्यात आपल्या दुकानाचा पत्ता टाकायचा आणि मोबाइलचे गुण बघायचे, कंप्युटरचे नाही. शंभरपैकी नव्वदच्या वर हिरवं, पन्नासच्या खाली लाल. गुणांपेक्षा त्याखालच्या तीन गोष्टी कामाच्या. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, बहुतेक वेळा मुख्य फोटो, दिसायला किती वेळ लागला: अडीच सेकंदांच्या आत हवं. बोट ठेवल्यावर पानानं किती वेळात दाद दिली: सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत. आणि तिसरं, पान उघडताना किती हललं. हे तिसरं दुकानदाराला फार नडतं. गिऱ्हाईक "अर्धा किलो"वर बोट ठेवायला जातं, तेवढ्यात वरून उशिरा आलेला फोटो सगळं खाली ढकलतो, आणि बोट "पाच किलो"वर पडतं. मग ऑर्डर रद्द करा, पैसे परत करा. उपाय सोपा आहे, फोटोची रुंदी-उंची पानात आधीच लिहून ठेवायची, म्हणजे त्याची जागा राखलेली राहते. पंगतीत पान मांडून ठेवतो तसं.

साइट नव्यानं करून घेणार असाल तर पैसे ठरवतानाच हे कागदावर घ्या. सर्व्हर भारतातला हवा. फोटो आपोआप लहान व्हावेत. खालचे फोटो सरकल्यावर यावेत, याला ते लोक लेझी लोडिंग म्हणतात, पण सगळ्यात वरच्या फोटोला ते लावू नये, नाहीतर तोच उशिरा येतो. एकदा आलेलं पान फोननं साठवून ठेवावं. आणि शेवटचा हप्ता गटातल्या एखादीच्या साध्या फोनवर, वाडीतल्या रेंजवर पान उघडून बघितल्यावरच. साइटचं नाव आणि पासवर्ड गटाच्या नावावर, हे वेगानं होत नाही, पण सांगून ठेवतो. काही जण पहिल्याच दिवशी महागडं होस्टिंग घ्या म्हणतात. स्वस्त होस्टिंगवर एकाच चुलीवर शंभर जणींच्या भाकऱ्या असतात, तेव्हा वेळ लागतो हे खरं. तरी आधी फोटो आणि स्क्रिप्ट कमी करा, पुन्हा मोजा, आणि मगच पैसे घाला.

"त्यापेक्षा स्वतःचं ॲप काढा" असा सल्लाही गटांना मिळतो. फ्लिपकार्टनं २०१५ मध्ये मोबाइलवरची साइट बंद करून लोकांना ॲपवर न्यायचा प्रयत्न केला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी मोबाइलसाठी हलकी साइट पुन्हा आणली. एवढ्या मोठ्या दुकानाला साइट लागली, तर वर्षातून दोनदा चटणी मागवणारी बाई आपलं ॲप उतरवून घेईल का?

आता एका गटानं फोनवर विचारलेला प्रश्न. आमची साइट नाही, नुसता व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आहे, आमचं अडतं का? अजिबात नाही. व्हॉट्सॲप फोटो स्वतःच आवळतं, गिऱ्हाइकाकडे ते आधीपासून असतं, आणि कॅटलॉगमध्ये पाचशेपर्यंत वस्तू बसतात. दहा-वीस प्रकारचा माल आणि ओळखीची गिऱ्हाइकं असतील, तर वर्षभर यावर निवांत चालवा. साइटची वेळ तेव्हा येते जेव्हा अनोळखी लोक शोधत येऊ लागतात, किंवा भाव सांगता-सांगता आणि पत्ता लिहिता-लिहिता तुमची एक बाई दिवसभर फोनलाच बांधली जाते. तोवर फक्त एवढं करा: साध्या कापडावर, सकाळच्या उजेडात प्रत्येक वस्तूचे दोन फोटो काढून ठेवा, एक लांबून आणि एक जवळून. साइट झाली की तेच वापरता येतील.